माय वर आली नाही

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात आम्ही गाव सोडलं, तेव्हा टेम्पोत भांडी कमी आणि पत्रे जास्त होते. मामानं औशाच्या बाजारातून आणलेले कोरे पत्रे. लातूर येईपर्यंत ते पाठीमागं खडखडत राहिले. गावात उरलेली माणसं आम्हाला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आली होती. सखाराम तात्या मायला म्हणाले, "सरकार पक्कं घर बांधून देणार हाय. कामून जातीस?"

"छत कशाचं हाय?" मायनं विचारलं.

"स्लॅबचं."

"मग ऱ्हाऊ द्या."

अण्णा, म्हणजे माझे वडील, माळवदाखाली गेले होते. दगडाच्या भिंती आणि लाकडांवर हातभर मातीचं छत. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं आम्हाला. त्या रात्री उकडत होतं म्हणून माय मला घेऊन अंगणात झोपली होती, एवढ्याच कारणानं आम्ही दोघी उरलो.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे नव्या गावठाणात राहिले त्यांना माय तेव्हा हट्टी वाटली असेल. जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला किंवा नांदेडला गेले, त्यांना तिचं पुढचं काही माहीत नाही. म्हणून लिहिते आहे.

लातूरला गावाच्या टोकाशी मामानं जागा पाहून दिली. पुढं मोकळं रान, बाभळी, आणि एक लाकडाचा अड्डा, म्हणजे वखार. आमच्या गल्लीत सगळी बैठी, पत्र्याची घरं. अर्ध्याहून जास्त माणसं भूकंपाच्या गावांतली. कोणी वर मजला चढवायचं नाव काढलं की बाकीचे त्याच्याशी बोलणं कमी करायचे. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी घरात थांबवत नसे; आम्ही लिंबाच्या सावलीत बाज टाकून बसायचो. मायला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. त्या पोळ्यांवर मी डी.एड. झाले, नांदेडला शाळेत लागले, तिथंच लग्न झालं.

नांदेडात आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला माय आली. जिन्यापाशी थांबली, वर पाहिलं, आणि खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या बायकोजवळ जाऊन बसली. जावई हात जोडून आले, सासूबाई आल्या. माय सगळ्यांशी गोड बोलली, ताटही तिथंच मागवलं, पण वर आली नाही. संध्याकाळच्या बसनं परत गेली. सासरच्या बायका मला विचारत राहिल्या, "तुझी आई रुसली का गं?"

त्यानंतर लातूरला रुंद रुळांची रेल्वे आली. जुनी छोटी गाडी गावाच्या मध्यातून जायची. नवं स्टेशन बाहेर झालं, आमच्या गल्लीच्या जवळच. त्याच वर्षांत क्लासेसचं पेव फुटलं. परभणीहून, बिलोलीहून, पार बेळगावकडून पोरं यायला लागली, आणि पोरांबरोबर त्यांच्या आया. त्यांना खोल्या हव्या होत्या. लाकडाचा अड्डा एका सकाळी उठला आणि तिथं भला मोठा फलक लागला. पाच मजली इमारत, कारंजं, आणि लातुरात कधी कोणी न पाहिलेली गोरीगोमटी माणसं.

मी सुट्टीत गेले तेव्हा गल्लीत दुसरा विषय नव्हता. एवढ्या माणसांना पाणी कुठून आणणार? आपलेच बोअर आटवणार. वरच्या गॅलरीतून आपली न्हाणीघरं दिसणार. रस्ता रुंद करायच्या नावाखाली आपली अंगणं जाणार. निवृत्त मास्तर कुलकर्णी सर सगळ्यांत पुढं होते. ओट्यावर उभं राहून ते म्हणायचे, "आज रेल्वे आणली, उद्या आपल्याला उठवतील. हा सगळा एकच डाव आहे." त्यांचं बोलणं ऐकून माझ्याही मनात पाल चुकचुकायची.

बिल्डरनं मंडप टाकून सगळ्यांना चहाला बोलावलं. उदगीरकडचा एक तरुण इंजिनिअर नकाशा लावून बोलत होता. लोखंड किती, पाया किती खोल. माय शेवटच्या रांगेतून उठली.

"लेकरा, जिमीन हलली तं?"

"मावशी, हलली तरी पडणार नाही. तसंच केलंय डिझाईन."

"आमच्या गवंड्यानं भी असंच सांगितलं होतं."

मंडपात हशा पिकला, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिनं पुढं विचारलं, "तू सोता ऱ्हाशील का वरल्या मजल्यावर? बायकोलेकरं घेऊन?"

तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "राहीन की." माय खाली बसली. घरी येताना मला म्हणाली, "बोलायच्या आधी थांबला तो. पाह्यलंस?"

पुढं जे झालं त्यानं गल्लीचा भरोसाच गेला. बिल्डरला जागा देणाऱ्यांत पहिलं नाव कुलकर्णी सरांचं निघालं. ते मुलाकडं पुण्याला गेले. जाताना कोणाला भेटलेही नाहीत. मग आमच्यासारखीच पत्रे घेऊन आलेली शेजारची गंगाबाई गेली. ती मायच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "मंगलच्या माय, मला माफ कर, पोरं ऐकंनात." त्यानंतर माणसं एकमेकांच्या घरी जाताना पहिल्यांदा बाहेरच्या चपला बघायची, आत बिल्डरचा माणूस तर नाही ना म्हणून.

माय राहिली. इमारत उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरी राहिली, आणि मधे लिंबाचं झाड, अंगण आणि आमचं पत्र्याचं घर. सकाळचं ऊन आता उशिरा यायचं. मी फोनवर म्हणायचे, "माय, देऊन टाक. नांदेडला चल." ती म्हणायची, "तुला भी त्या बिल्डरनंच शिकवलं का?" हे ती थट्टेनं म्हणत नव्हती. मला ते फार लागलं. महिनाभर मी फोन कमी केले.

आणि मग एका दुपारी जमीन हलली. जोरात नाही, आपल्याकडं हलते अधूनमधून, तशी. भांडी वाजली, पत्रा थरथरला, संपलं. मी नेमकी त्या दिवशी तिथंच होते. मायनं मला दंडाला धरून अंगणात आणलं. तेवढ्यात इमारतीतून आरडाओरडा झाला आणि क्लासेसच्या मुली जिन्यावरून खाली पळत सुटल्या. कोणाच्या हातात पेन, कोणाचे केस ओले. खाली आल्यावर त्या चारी दिशांना बघू लागल्या. सगळीकडं भिंती, गाड्या, वायरी. मोकळी जागा एकच होती.

मायनं फाटक सताड उघडलं. "हितं या गं पोरींनो, हितं! भिताडापासून लांब बसा."

त्या आल्या. अंगण भरलं. माय प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होती, नाव-गाव विचारत होती. चहा झाला. संध्याकाळपर्यंत तिनं एकीलाही वर जाऊ दिलं नाही. खाली उभा राहून वॉचमन ओरडत होता, "काही झालं न्हाई, बिल्डिंगला तडा भी न्हाई." ते खरं होतं. मायनं मान हलवली. "बिल्डिंग चांगली असंल बाबा. जिमिनीचा भरोसा न्हाई."

त्यांच्यात बिलोलीची एक मुलगी होती, शुभांगी. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिला पुन्हा वर जाववेना. जिन्यापर्यंत जायची आणि मागं फिरायची, अगदी माझ्या वास्तुशांतीला माय फिरली होती तशी. मायनं तिची ट्रंक खाली आणवली. वर्षभर ती पत्र्याखाली, मायच्या शेजारच्या बाजेवर झोपली. तापलेल्या दुपारी लिंबाखाली बसून पाठ करायची. हळूहळू बाकीच्या मुलीही पुस्तकं घेऊन खाली यायला लागल्या. माय त्यांना ताक द्यायची आणि मला फोनवर बारीक आवाजात सांगायची, "ह्या पोरी त्या बिल्डरनंच पाठवल्यात बघ, माझं मन वळवायला."

"अगं माय, चहाला येतात त्या."

"येऊ दे. पण ध्यान ठेवाया पाहिजे."

शुभांगीला मेडिकलला नंबर लागला. तिचे आईवडील पेढे घेऊन आले, मायच्या पाया पडले. मायनं पहिलं विचारलं, "होस्टेल कितव्या मजल्यावर हाय?" ती पोरगी मान खाली घालून म्हणाली, "तळमजला, मावशी." मायनं तिची हनुवटी उचलून पाहिलं. मग अर्धा पेढा तिच्या तोंडात घातला.

त्या दिवशी मला शुभांगीचा हेवा वाटला, हे लपवून काय करू? माझ्या घरात मायचं पाऊल लागलं नव्हतं, आणि एका परक्या मुलीला तिनं आपल्या बाजेशेजारी जागा दिली होती. नांदेडला परत येताना बसमध्ये कळलं की तिनं मलाही कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तिला फक्त जमिनीवर राहायचं होतं, आणि मी घरच वर नेऊन ठेवलं होतं.

कोणी गाव विचारलं की मी अजून औसा तालुक्यातल्या त्या गावाचं नाव सांगते, जिथं आता नुसते दगड आणि बाभळी आहेत. घर विचारलं की मात्र अडखळते.

सध्या आम्ही नांदेडात तळमजला शोधतो आहोत. एजंट वैतागलाय. "मॅडम, लोक वरचा मागतात. हवा, उजेड, सगळं वर. तुम्हाला खालचाच कामून पाह्यजे?" तो माझ्याकडं संशयानं बघतो. त्याला वाटतं, काहीतरी भानगड आहे.

"माझी आई यायची आहे," मी सांगते.

ती येईल की नाही, मला माहीत नाही. आली तरी पहिल्यांदा मान वर करून विचारील, "ह्याच्यावर कोण ऱ्हातं?" पण तिला आत येता येईल असं दार तरी असावं. घर म्हणून मला आता एवढंच हवं आहे.