हरकत नाय

आमची इमारत ज्यांच्या भाताच्या खाचरांवर उभी आहे, त्या दादांनी आयुष्यात कुणालाही न विचारता एकच गोष्ट केली, ती म्हणजे जन्म घेतला. आणि त्याचीही त्यांना थोडी चुटपुट असावी. पनवेलच्या आसपासच्या गावांत थंडीत टेनिस बॉलच्या क्रिकेटची लीग चालते, तिचे ते चिटणीस. वाइडची रेघ वीतभर सरकवायची झाली, तरी दादा दोन्ही पंचांना, चहावाल्या मावशींना आणि मिडविकेटला चरणाऱ्या म्हशीच्या मालकाला विचारून येत. म्हशीला मात्र विचारत नसत. “ती कुनाची बाजू घेत नाय,” म्हणायचे.

यंदाचा प्रश्न मोठा होता. खेळाडू गावचाच हवा, हा लीगचा जुना नियम. पण शेतांच्या जागी टॉवर आले, पोरं नोकऱ्यांना पांगली आणि दादांच्या गावाकडे उरले नऊजण. अकरा भरले नाहीत, तर ज्या संघात ते तरुणपणी गोलंदाजी करत, त्याचं नावच यादीतून जाणार. बिल्डिंगवाल्यांना खेळू द्यावं, एवढाच त्यांचा ठराव. दुसरा कुणी लीगच्या सभेत बोलून मोकळा झाला असता. दादांनी वही घेतली. पानाच्या माथ्यावर लिहिलं, ‘बिल्डिंगवाले खेळले तर हरकत?’ आणि निघाले. एका फलंदाजाचं मत घ्यायला पळस्प्याच्या नाक्यावर अर्धा दिवस बसले. संध्याकाळी धुकं उतरलं की त्यांचा पांढरा सदरा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात तरंगत जाताना माझ्या गॅलरीतून दिसे. वाटे, झोपलेल्या गावाच्या स्वप्नात कुणी खानेसुमारी करतं आहे. महिनाभरात वही भरली. नाय, नाय, नाय. कुणाचीच हरकत नव्हती.

सभेला त्यांनी मला सोबत नेलं. शाली-नारळ आटोपेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. अध्यक्षांनी वही उघडली, माथ्यावरची ओळ सोडली आणि बोट खाली फिरवलं. “दादा, ही तर समदी नाय बोलतान!”

दादा गडबडून उठले. “अरं, हरकत नाय!”

“बघा, दादांचीपन हरकत नाय. ठराव नामंजूर!” टाळ्या पडल्या आणि पंगत बसली.

परतताना मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. वाटेत तेच म्हणाले, “बरं झालं, भाऊ. अख्ख्या गावाला इचारलं, पन तुमाला बिल्डिंगवाल्यांना कुनी इचारलं? चूक माझीच.”

दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन ते आमच्या दारात. पहिलं नाव माझं. मी म्हणालो, “दादा, माझे गुडघे पाहिलेत का?”

“गुडघं नाय इचारत. तुमी आता कुठलं?”

‘मूळचे कुठले’ हे मला इथे सगळ्यांनी विचारलं आहे. ‘आता’ कुणी विचारलं नव्हतं. पेन उघडून दादा थांबले. खाली मैदानावर नऊजण सराव करत होते; कव्हर आणि थर्डमॅनच्या जागी नुसतं धुकं उभं होतं. यंदाचा हंगाम तर गेलाच; ही वही पुढच्या वर्षाच्या ठरावासाठी.

माझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. दादांना घाई नाही. काल मात्र मी माळ्यावरचे जुने बूट काढून पुसून ठेवले.