पोचे पडलेला गुंड

"कुंदा गेली वं," एवढंच माय फोनवर बोलली. मागे तिच्या कुकरची शिट्टी होत होती... महिना होत आला, पण कुठेही कुकर वाजला की मला तेच वाक्य ऐकू येतं.

कुंदाताई आमच्या शेजारची. नागपुरात शिल्पकला शिकलेली. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी तिनं घरोघरी बसून आवाज टिपले. कुणाचं जातं, कुणाच्या बैलांच्या घंट्या, माझ्या बाबांची "पानी आन वं" ही हाक. दहावीनंतर "पोरीले कायले शिकवता?" असं सगळे म्हणत असताना हीच माझ्यासोबत भंडाऱ्याला आली आणि कॉलेजच्या रांगेत उभी राहिली. आमच्या घरातली पहिली पदवी त्या रांगेतून आली.

पुनर्वसनाच्या वसाहतीत तिला जुन्या गावाची संध्याकाळ ऐकवायची होती. प्रत्येक घरचा पाणी भरायचा पितळी गुंड घ्यायचा, आत छोटा स्पीकर बसवायचा आणि त्या घरचा आवाज त्याच गुंडातून येऊ द्यायचा. ती गुंडावर नखानं टिचकी मारून कान लावायची. विहिरीवर आपटून पडलेल्या पोच्यांमुळे प्रत्येकाचा नाद निराळा होता. त्या नादाशी आवाज जुळवण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला. मग तिनं गुंड घरोघरी परत दिले. कार्यक्रमाच्या सकाळी आणा म्हणाली.

बायकांनी आणले ते चिंचेनं घासून लखलखीत केलेले, आणि कारागिराकडून पोचे ठोकून सपाट करून घेतलेले!

"चेपलेले गुंड मांडवात ठेवतेत का बाई? लोकं काय म्हनतीन?" शांतामावशी कौतुकानं म्हणाली.

कुंदाताईनं एका गुंडावर टिचकी मारली, मग दुसऱ्यावर. तिचा चेहरा उतरला. तरी मावशीचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमचा तं आरसाच झाला. कुंकू यातच पाहून लावा."

आमचा गुंड तेवढा ठोकण्यातून सुटला होता. त्यात मायनं लाखोरीची डाळ भरून ठेवली होती, ती सकाळीच रिकामी केली. लाजून तिनं तो रांगेच्या शेवटी ठेवला. बाकीच्या गुंडांतून आवाज आले, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. आमच्यातून बाबांची हाक आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली... आणि माय "आनतो नं" म्हणत उठलीच.

कुंदाताईनं नंतर हातोडीनं पोचे पाडून पाहिले. जमलं नाही. "इथं तं नळ आहेत," ती हसून म्हणाली, "गुंड पडतीन तरी कुठं?" पुन्हा काही करू, असं दर भेटीत ठरायचं. मग तिचं दुखणं आलं. शेवटच्या भेटीत म्हणाली, "एकदा तरी सगळे संगं वाजाले पाहिजे होते गं..."

तिच्या तेरवीच्या दिवशी बायका आमच्या घरी आल्या. मी गुंडात स्पीकर लावला. बाबांची हाक संपल्यावर शांतामावशी पोच्यांवरून बोटं फिरवत राहिली.

"आमच्या बुढ्याचा आवाजबी असाच आला असता का वं?"



माय अजूनही सगळी भांडी चिंच लावून घासते. तो गुंड मात्र ओल्या फडक्यानं पुसते, आणि पोच्यांपाशी आली की तिचा हात हळू होतो.