नंदाताई बोलत राहिल्या

नंदा बोरकरांइतकी भित्री बाई मी अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या मॉरिसव्हिलमध्ये पाहिली नाही, आणि आमच्याकडे भित्र्यांची काही टंचाई नव्हती. व्हिसावर जगणारी माणसं. दारावर कुणी टकटक केली की आधी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवायचं. पण नंदाताईंची तऱ्हाच वेगळी. हायवेवर लेन बदलायला त्या भ्यायच्या, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला भ्यायच्या, लिफ्टमध्ये एकट्या चढायच्या नाहीत. आणि त्यांचा एक नियम होता. "हिमानी, पोलीस दिसला की मराठी बंद. आपली भाषा ऐकली की त्यांना वाटतं, या बाया काहीतरी लपवून राहिल्या." मी त्यांना मनसोक्त चिडवायचे. पोलीस दिसला की गप्प मात्र मीही व्हायचे.

आम्ही दोघी पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये होतो. त्या नागपूरहून मायक्रोबायॉलॉजी शिकून आलेल्या. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायच्या आणि मी काउंटरवर ते उतरवून घ्यायचे. माझं ग्रीन कार्ड नवऱ्याच्या नोकरीमुळे होऊन गेलं होतं. त्यांचं लॅबच्या हातात, म्हणजे साहेबाच्या मर्जीत होतं. नवरा मोरेश्वर त्यांच्या व्हिसावर आलेला, त्यामुळे त्याला कामाची परवानगी नाही. सगळा संसार एका बाईच्या नोकरीवर.

दर उन्हाळ्यात जवळच्या एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून मुली आमच्याकडे पर्यावरणाचं काम शिकायला यायच्या. आमच्या सीनियर मंडळींना त्या नको असायच्या. एकाच्या गाडीत जागा नसायची, दुसऱ्याला वेळ नसायचा, तिसऱ्याची पाठ दुखायची. चांगले ओळखून होते मी त्यांना! नंदाताईंना कुणालाच नाही म्हणता येत नसे, म्हणून त्या मुली त्यांच्या गळ्यात मारल्या गेल्या.

आणि बाईंनी त्यांना जीव लावला. नळाचं तोंड ज्योतीवर कसं तापवायचं, पाणी किती वाहू द्यायचं, बाटलीच्या कडेला बोट का लागू द्यायचं नाही, हे शिकवलंच. पण सरकारी परीक्षेचे प्रश्न जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घोटून घेतले, मुलाखतीला काय घालायचं ते सांगितलं, रानात चालतील असे बूट घ्यायला स्वतः दुकानात गेल्या. एक मुलगी शहराच्या पाणी खात्यात लागली, एक जंगल खात्यात. त्यांचे फोन आले की ताई दिवसभर खुशीत असायच्या.

२००६ च्या उन्हाळ्यात टमेका फेझन आली. राज्याच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातली, उंच, कमी बोलणारी. तिच्या लहानपणी गावाभोवती डुकरांचे मोठे फार्म उभे राहिले. त्यांच्या गू-मुताची उघडी तळी, वारा फिरला की उलटी येईल असा वास. विहिरींच्या पाण्याचं काय झालं ते कुणी तपासलंच नव्हतं. तिला तेच करायचं होतं. तिच्या कामावर साहेबही खूश होता. उन्हाळा संपताना तिला कायम करायचं ठरत आलं होतं. मात्र आमच्या कामात पोलिसांचं लचांड मागे लागलं की कुणी दारात उभं करत नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी काउंटरवर माझा मोबाइल वाजला.

"हिमानी, फोन ठेवू नको." ताईंचा आवाज ओळखू येईना. "एक पिकअप आमच्या मागे येऊन राहिला. किती वेळचा."

टमेकाच्याच गावातल्या एका म्हातारीच्या विहिरीचं पाणी घेऊन त्या परत निघाल्या होत्या. म्हातारीचं कुंपण फार्मला लागून. गाडी टमेका चालवत होती. मी त्यांना थांबू नका म्हणून सांगतेय तोवर ताई किंचाळल्या. पिकअप पुढे जाऊन आडवा उभा राहिला होता.

फार्मच्या त्या पिकअपवाल्याने शेरीफच्या ऑफिसात फोन केला असावा, कारण थोड्याच वेळात पोलिसाची गाडी आली. ताई गप्प झाल्या. फोन त्यांनी बंद केला नाही, मांडीवर ठेवला असणार. मी कान लावून उभी.

"हात दिसतील असे ठेव." पोलिसाचा आवाज. "दुसऱ्याच्या जमिनीत शिरला होतात."

"नाही सर. विहिरीच्या मालकिणीनेच आम्हाला बोलावलं होतं." टमेका सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"त्या पेटीत काय आहे? उघड."

"बाटल्या आहेत, सर. सील फोडलं तर ते पाणी तपासता येणार नाही."

"मी विचारत नाहीये. खाली उतर."

दार उघडल्याचा आवाज आला. मग, "हात गाडीवर. पाय फाकव." टमेका म्हणत होती, "मी काही करत नाहीये, सर. सर, मी हलत नाहीये." मग पोलीस ओरडला, आणि पिकअपवालाही काहीतरी ओरडला. आता गोळीचा आवाज येणार, असं मला खरोखर वाटलं.

त्याऐवजी ताईंचा आवाज आला. मोठ्याने, खणखणीत, मराठीत.

"हिमानी! फ्रीजमध्ये कणीक मळून ठेवली आहे. मोरेश्वरना सांग, वांगी आजच करून टाका म्हणाव, उद्या सडतील!"

बाईला भीतीने वेड लागलं, दुसरं काय वाटणार? "ताई, मराठी बंद करा! तो पोलीस आहे!"

"दूध बाहेर राहिलं का ते पहा!" त्या आणखी वरच्या पट्टीत. "बाल्कनीतली तुळस! तुळशीला पाणी घाल म्हणाव!"

खडीवर बुटांचा आवाज झाला. तो टमेकापासून निघाला आणि फोनच्या दिशेने जवळ जवळ येत गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कोणाशी बोलतेस? कुठली भाषा ही? कुठून आलीस?"

त्याला उत्तरही त्यांनी मराठीतच दिलं, एरवी पोलिसासमोर जन्मात कधी दिलं नसतं असं. तो भडकला. कागद मागितले. "माय पासपोर्ट इज ॲट होम, सर," ताई म्हणाल्या, आणि मग त्याच दमात, "टमेका, यू गो. सॅम्पल्स कॅनॉट वेट." फोन तुटला.

त्यानंतरची संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. टमेका लॅबमध्ये पोचली. तिने सांगितलं की म्हातारी काठी टेकत रस्त्यापर्यंत आली, मीच यांना बोलावलं म्हणाली, आणि पोलिसाला परदेशी बाई सापडली होती, म्हणून त्याने ताईंना ठाण्यावर नेलं आणि हिला जा म्हटलं. पेटी तिने काउंटरवर ठेवली. सील शाबूत होतं. सगळ्या बाटल्या नीट उतरवून दिल्यावर ती खाली फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. मीही.

लॅबने कागद फॅक्स केल्यावर ताईंना सोडलं. माझा नवरा आणि मोरेश्वर त्यांना घेऊन आले. तिथे त्यांना एका खोलीत कोंडून ठेवलं होतं.

त्या फार्मचं दुसरं बरंच काम आमच्या लॅबकडे होतं, आणि त्यांची तक्रार साहेबापर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी साहेबाने दोघींना बोलावून विचारलं, पेटी उघडायला नकार कुणी दिला? टमेकाने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "मी." टमेका नाही नाही म्हणत राहिली. साहेबाला एकच नाव हवं होतं, ते मिळालं. टमेका कायम झाली. विहिरीच्या पाण्यात घाण निघाली, तो रिपोर्ट तिच्या सहीने गेला. ताईंच्या ग्रीन कार्डचं काम लॅबने थांबवलं. व्हिसाची मुदत संपत आली होती. मी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन वाट्टेल ते बोलून आले, पण माझ्या रागाने कुणाचा व्हिसा वाढतो?

त्यांचं सामान बांधायला गेले तेव्हा मी त्यांच्यावरच घसरले. "तुम्ही, ताई! कुत्र्याला भिणाऱ्या! काहून केलंत असं?"

त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"भीती वाटलीच गं. अजून वाटते, झोप नाही लागत," त्या म्हणाल्या. "पण मला फार तर काय करतील? नागपूरला धाडतील. तिला कुठे धाडणार होते? ती तर तिच्याच गावात उभी होती."