उशाकडची पाटी

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी तिला उशाकडून उचलता येणाऱ्या खाटेवरच ठेवायला सांगितलं. सपाट झोपली की छातीत कफ साठायचा. मंचरची एक धर्मादाय संस्था अशा खाटा फुकट वापरायला देते, तिथूनच आम्ही आणली. काम चांगलं आहे, हे आधीच सांगते. पुढे तोंड सुटणार आहे माझं.

खाटेला उशाकडे हातभर पितळी पाटी होती. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. आईला उचलून ठेवणार, तेवढ्यात तिनं ती वाचली.

"ही मेलेल्याची खाट हाय. मी न्हाई पडायची."

"अगं, त्यांच्या नावानं दिलीय फक्त."

"मग माझ्या डोक्यावर कशाला त्याचं नाव? यमाला घर सापडावं म्हणून?"

हसावं की रडावं कळेना. पण तिचं काय चुकलं? आजारी माणूस जिथं डोकं टेकणार, तिथंच कैलासवासी लिहायचं सुचतं तरी कुणाला? पाटीवर टॉवेल टाकला, तेव्हा कुठं ती निजली. खोकलाही हटला.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष खाटेच्या दात्याला, त्या कैलासवासींच्या मुलाला, घेऊन आले. फोटो हवा होता. अध्यक्षांनी आईला लवून नमस्कार केला आणि टॉवेल ओढून काढला.

"ताई, पाटी झाकू नका. दात्यांना वाईट वाटतं."

फोटो होईपर्यंत आईनं डोळे घट्ट मिटून घेतले. ते गेल्यावर म्हणाली, "पोरी, मला खाली घे." टॉवेल परत टाकला, हातापाया पडले, ऐकेना. संध्याकाळी सतरंजीवर तिची छाती घरघरायला लागली आणि माझं डोकं फिरलं. म्हणे पुण्य! जिवंत माणसाला जमिनीवर आणून कसलं पुण्य मिळतं? शेजारून पाना मागून आणला आणि पाटी उतरवली. मग आईनं मुकाट्यानं वर घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पाटी मंचरला नेऊन अध्यक्षांच्या टेबलावर आपटली.

"ही तुमची. खाट आई बरी झाल्यावर आणते."

त्यांनी घाईनं ती उचलली, रुमालानं पुसली, उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"चरा वगैरे नाही ना पडला कुठं?"

मी पायरी उतरेपर्यंत त्यांनी तेवढंच विचारलं. आई कशी आहे, हे नाही.