रविवारच्या वर्गाचं फोल्डर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वंदनाला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही.

मी रेल्वेत इंजिनियर. नागपूरहून लखनौला येऊन सतरा वर्षं झाली, तेलीबागेत घर आहे. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असा घरात माझा तोरा होता — होता कसला, अजून आहे! फोन, लॅपटॉप, सगळं मीच एका क्लाउड खात्याला जोडलं. एका जागी ठेवा, सगळीकडे दिसेल. वंदना तरी पेनड्राइव्हवर वेगळी कॉपी ठेवायची. मी हसायचो. अगं, वर सगळं सुरक्षित असतं, हे कशाला? शेवटी तो पेनड्राइव्ह पुसून मीच ऑफिसला नेला.

तिच्या फोल्डरमध्ये काय होतं? सात वर्षांचे रविवार. विकास नगरला एका हॉलमध्ये ती मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. कुणाचे वडील शास्त्रज्ञ, कुणाची आई केंद्र सरकारात. मुलांना मराठी समजतं, पण उत्तर येतं हिंदीत. आमची रेवाही त्यातलीच. ही पोरं अडखळत वाचायची ते वंदनानं रेकॉर्ड केलं होतं, त्यांच्या चुका बघून बघून नवे धडे लिहिले होते. त्याचं पुस्तक करायचं होतं तिला. निम्मी मुलं तर बदल्यांपायी कुठच्या कुठे गेली होती. ते आवाज पुन्हा कुठून आणणार?

एका मंगळवारी सकाळी लॅपटॉप भरला. मला प्रेझेंटेशन पाठवायचं होतं, घाई होती. म्हटलं, वंदनाच्या फोल्डरची वर कॉपी आहेच, इथली उडवू. उडवली. शहाणा ना मी! लॅपटॉपवरून काढलं की वरूनही जातं, तिच्या फोनमधूनही जातं — एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. आणि जोडणी केलेली कुणी? मीच.

रविवारी वर्गातून तिचा फोन आला. फोल्डर कुठेच दिसत नाही. घरी आल्यावर मी दोन मिनिटं इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं, कायमचं गेलं म्हणून सांगितलं. कसं गेलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला — रेवानं गेमसाठी जागा केली असेल. पोर तेरा वर्षांची. "मैंने कुछ नहीं किया, पापा," म्हणाली. मी म्हणालो, नीट आठव.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणा हवं तर. पुढचं — थांबा जरा.

सोमवारी मला कळलं की उडवलेलं सगळं तीस दिवस ट्रॅशमध्ये पडून असतं. फोनवर उघडून बघितलं. होतं की! एकूण एक फाइल. एक बटण दाबायचं, बस्स. पण प्रत्येकीसमोर उडवल्याची वेळ लिहिलेली — मंगळवार, सकाळचे दहा. रेवा तेव्हा शाळेत असते. परत आणलं की वंदना विचारणारच, कुठे होतं, दाखव. मग काय सांगायचं? उद्या बघू म्हटलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. वंदना धड जेवत नव्हती, रेवाशी बोलत नव्हती.

शुक्रवारी ती म्हणाली, वर्गातल्या एका मुलाचे वडील कॉम्प्युटरमधले आहेत, संध्याकाळी येऊन बघतील. चार वाजता ऑफिसात बसून मी फोन काढला आणि ट्रॅश रिकामा केला. फोननं विचारलंही — कायमचं जाईल, नक्की? मी हो दाबलं. चुकून नाही. पूर्ण शुद्धीत.

ते गृहस्थ आले, तासभर खटपट केली. "वहिनी, ट्रॅशसुद्धा रिकामा आहे हो," म्हणाले. वंदनानं रेवाकडे पाहिलं. ते गेल्यावर रेवा पुढे आली. जन्मात घरात मराठी न बोललेली मुलगी — म्हणाली, "आई, माझ्याच हातून झालं असेल." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाऊ दे बाळा, होतं असं. म्हणजे मी तिला माफ केलं. मी! तिला!

वर्ग त्यानंतर बंद पडला. रेवा आता कानपूरला होस्टेलवर असते. तिचा मोबाइल भरला की ती आधी मला फोन करते — "पापा, ये हटा दूँ? आई का कुछ तो नहीं है ना इसमें?" मी सांगतो, काही नाही, काढून टाक. तरी ती दोनदा विचारून घेते.