दोन पावसाळ्यांची मुदत

चाचीचा फोन आला तेव्हा मी दिवेआगरच्या बाजारात वाड्या विकू नका म्हणून पत्रकं वाटत होते. "पोरी, तुझे चाचा गेले," ती म्हणाली, आणि त्याच दमात, "आता आत पानी कोन घालनार गो?" मला आधी रागच आला. घरातून मयत उठली नाही अजून आणि ही बाई पाण्याचं काय घेऊन बसलीय? पण श्रीवर्धनला परतताना रिक्षातून दोन्ही बाजूंच्या उघड्या पडलेल्या वाड्या बघत होते, तेव्हा कळलं की त्या दिवशी त्या घरात दुसरा कुठला प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच. ऐन मे महिना. एक दिवस पाणी चुकलं तरी पानांची टोकं करपतात. आणि आतली रोपं करपली, तर वाडी गेली.

"आत" म्हणजे इब्राहिमचाचांचं हरितगृह. घराच्या मागच्या अंगणात, विहिरीला लागून, एका बऱ्यापैकी खोलीएवढं. चाचा आमचे शेजारी, भिंतीला भिंत. जन्म श्रीवर्धनचा, पण उमेदीची सगळी वर्षं कुवेतला गेली. आधी बांधकामावर, नंतर शहराबाहेरच्या एका भाजीच्या मळ्यात. तिथे वाळवंटात प्लास्टिकच्या लांबच लांब घरांमध्ये काकडी पिकवायचे. परत आले ते दोन गोष्टी घेऊन: दाढीला मेंदी लावायची हौस आणि "कुवेतमध्ये असं नसतं" हे वाक्य. पाखाडीतल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, नळाला पाणी नाही आलं, कुवेतमध्ये असं नसतं. चाचीची आमटी पातळ झाली, कुवेतमध्ये असं नसतं. चाची म्हणायची, "मग तिकरंच ऱ्हावचं व्हतं. हिकरं कोनी बोलावलं व्हतं?"

मग ते मोठं वादळ आलं. मागच्या अंगणालगतच्या रस्त्यापलीकडे, समुद्राच्या बाजूला त्यांची सुपारीची वाडी आहे. वडिलांच्या वडिलांनी लावलेली. एका दुपारीत ती झोपली. सुपाऱ्या मधूनच मोडल्या, नारळ मुळासकट उपटले, मिरीचे वेल चिखलात. वाडीत आयुष्यात पहिल्यांदा ऊन पडलं. आले सगळे, फोटो काढून गेले. पंचनामे झाले, भाषणं झाली. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरेपर्यंत मूल शाळेत जायला लागतं, हे टेबलामागच्या एकाही माणसाला ठाऊक नसावं असा तो सगळा कारभार. आणि सगळ्यांच्या मागून, चिखल वाळल्यावर, बूट न काढता आला तो जमिनीचा दलाल. वाडीच्या मधोमध उभं राहून तो चाचांना म्हणाला, "चाचा, वादळानं तुमचं कामच सोपं केलं. बघा, आता घरातून डायरेक्ट समुद्र दिसतो." मी तिथेच होते. त्याच्यावर एक अख्खं पत्रक लिहिलं मी नंतर. चाचा मात्र पडलेल्या एका खोडावर बसले आणि चपलेतली वाळू काढत राहिले...

त्याच खोडांचं त्यांनी हरितगृह उभारलं. सुपारीचे वासे, वरून प्लास्टिक, चारी बाजू गच्च बंद, दाराला सुद्धा दुहेरी पडदा. वाळवंटात हवा कोरडी, ती बाहेर ठेवायची असते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, चपलांना बुरशी येते. चाचांनी आत काकडी लावली. वेल छातीपर्यंत चढले, पाखाडीतल्या सगळ्यांनी कौतुक केलं, आणि श्रावणात एका आठवड्यात सगळं पांढरं पडून कुजलं. आतून असा वास यायचा की माझ्या आईने आमची मागची खिडकी बंद करून घेतली. लोक त्या खोपटाला "कुवेत" म्हणायला लागले. चाचा कुठायत? कुवेतला. व्हिसा लागतो का? नाही, नाकाला रुमाल लागतो. चाचांनी हे सगळं ऐकलं, चार दिवस कुजलेले वेल उपटून बाहेर टाकले, आणि पाचव्या दिवशी सुरी घेऊन बाजूचं प्लास्टिक टराटरा कापलं. तिथे हिरवी जाळी लावली. चूक झाली असं मात्र म्हणाले नाहीत. म्हणाले, "हवा बदलली तर घर बदलाला लागतं. कुवेतमध्ये हेच शिकवतात."

आता आत लावायचं काय, हा खरा प्रश्न होता. आणि तो साधा नव्हता, कारण त्याच सुमारास नासिर सुट्टीवर आला. नासिर त्यांचा एकुलता मुलगा, तोही कुवेतलाच, गोदामात नोकरीला. ओट्यावर बसून त्याने स्पष्ट सांगितलं, "अब्बा, वाडी अशी उघडी ठेवून काय फायदा? दोन पावसाळे बघू. दुसऱ्या पावसाळ्यात वाडीत झाडं उभी असली तर ठीक. नाहीतर विकू या, तुम्ही दोघं माझ्याकडे चला." मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण चाचांनी हात वर केला. "मुदत मंजूर," एवढंच म्हणाले. जणू बाहेरच्या कुणा सावकाराशी बोलतायत.

मग रोज संध्याकाळी त्या ओट्यावर परिषद. चाचीचं मत कोथिंबिरीला, कारण आमच्या पावसात कोथिंबीर जगत नाही आणि बाजारात मिळते ती घाटावरून येते, अर्धी कुजलेली. नासिरचं मत रंगीत ढोबळी मिरचीला. किनाऱ्यावरची हॉटेलं हातोहात घेतील, असं तो फोनवरून सांगायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. चाचांचं मत अजूनही काकडीलाच. "माना काकरी पिकवाला येते. येते ती लावीन." मी म्हणत होते, सुपारीची रोपं करा. आपल्याच किनाऱ्याच्या सुपारीची, आपल्याच झाडांच्या बियांची. वादळानंतर ट्रक भरभरून बाहेरची रोपं येत होती, कुठल्या जातीची कुणालाच माहीत नव्हतं, आणि लोक नाइलाजाने तीच लावत होते. त्यावर मी पत्रक काढलं होतं. चाचांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि घडी घालून पानाच्या डब्याखाली ठेवलं. "लीडरबाई, पत्रक पेरून झाड येत न्हाय."

"मग बी पेरा."

"पेरतो. पन सुपारी आत गेली की दीड वर्ष तिथं दुसरं काय होनार न्हाय. ना कोथमीर, ना काकरी. रोपं मेली तर मुदत पन मेली. काकरी मेली तर नुसती काकरी मरते."

हा हिशेब मी पत्रकात कधी मांडला नव्हता. मला घोषणा येत होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती बरोबर होती. दोन-तीन दिवस ते त्या रिकाम्या जाळीघरात जाऊन नुसते उभे राहायचे. मग एका सकाळी चाचीची मोठी देग अंगणात आली, लग्नाच्या बिर्याणीची. पाण्याने काठोकाठ भरलेली. वाडीत वादळातूनही उभ्या राहिलेल्या थोड्या झाडांची पिकली फळं चाचांनी उतरवून घेतली होती, सालीसकट, नारिंगी. ती एकेक करून ते पाण्यात सोडत होते. काही आडवी तरंगत. काही देठाकडची टोपी वर करून पाण्यात सरळ उभी राहत. उभी राहतील तीच बियाण्याला घ्यायची, त्यांचंच रोप जोमदार येतं. ही गोष्ट माझ्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेली होती. मी म्हटलं, "चाचा, हे कुठून शिकलात?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुवेतला." चाची विहिरीवरून ओरडली, "कुवेतला सुपारी कंदी झाली? आनि माजी देग घासून देनार कोन?"

पण आडवी पडलेली फळंही त्यांनी टाकली नाहीत. एका कोपऱ्यात वेगळी पुरली. म्हटलं, जागा कमी आहे, कशाला? तर म्हणाले, "असूं दे. एकादं उशिरानं उठतं."

तिथून पुढचं दीड वर्ष आम्ही सगळे त्या जाळीघराच्या तालावर जगलो. वाळूत पुरलेल्या सुपाऱ्यांना कोंब फुटेपर्यंत चाचांना झोप लागत नसे. फुटल्यावर गोगलगायींची भीती. पिशव्यांत लावल्यावर पाणी जास्त झालं की कमी, याची. पहिला पावसाळा त्या भीतीत गेला. मग हिवाळ्यात छातीत कळ यायला लागली. मुंबईच्या डॉक्टरने तपासणीसाठी दाखल व्हा म्हणून सांगितलं. चाचा म्हणाले, रोपं वाडीत लागली की येतो. मी भांडले. माझ्या आईने समजावलं. नासिर रोज फोनवर ओरडायचा. चाची तर जेवायची बंद झाली एकदा. "तुमी ऱ्हायलात तर झाडं," ती म्हणाली. चाचा म्हणाले, "आनि झाडं ऱ्हायली न्हायत तर मी ऱ्हाऊन काय करू तुज्या लेकाच्या कुवेतच्या तिसऱ्या माळ्यावर?" माणूस आजारी पडला तर त्याला समुद्राच्या काठाकाठाने किंवा घाटवळणांनी तास न् तास गाडीत घालून न्यावं लागतं, तेव्हा तो "नंतर जातो" म्हणतो. याला लोक हट्ट म्हणतात. मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या तालुक्यात हृदय बघणारं माणूस मिळत नाही, आणि समुद्र दिसतो म्हणून जमिनीला मात्र गिऱ्हाईक मिळतं! हे मी लिहिणार.

ते गेले सकाळी, पहिलं पाणी घालून झाल्यावर. विहिरीच्या कट्ट्यावर बसले, आणि बसूनच राहिले.

नासिर दुसऱ्या दिवशी पोचला. चाची इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मागच्या अंगणापर्यंत तिची हद्द. म्हणजे जाळीघर हद्दीत, पण रस्त्यापलीकडची वाडी हद्दीबाहेर. रोज सकाळी ती आत जायची, पाणी घालायची, पिवळं पान खुडायची. दलालही येऊन गेला, या वेळी बूट काढून. पुढच्या खोलीत बसून नासिरला म्हणाला, "अम्माला एकटं कसं ठेवणार तुम्ही?" हा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. नासिर त्याला दारापर्यंत सोडून आला. काय ठरवलं, हे नासिरला विचारायचा मला धीर होईना. पाऊस जवळ आला होता. वाडीत लावण्याआधी रोपांना काही दिवस उघड्यावर ठेवावं लागतं, नाहीतर बाहेरच्या उन्हावाऱ्यात ती तग धरत नाहीत. आणि वरचं प्लास्टिक उन्हाने पापडासारखं झालं होतं. एकदा काढलं की परत चढणार नव्हतं. काढलं तर रोपं वाडीत जायलाच हवीत. नाही काढलं तर आतच गुदमरणार. मी भिंतीपलीकडून दिवसातून दहा वेळा त्या छपराकडे बघत होते. एक दिवस, दोन दिवस, आठवडा...

मग एका सकाळी फाडल्याचा आवाज आला. धावत गेले तर नासिर शिडीवर, लुंगी खोचलेली, छपराचे तुकडे खाली टाकतोय. माझ्या तोंडून नुसतं "नासिर?" एवढंच निघालं. तो खाली न बघता म्हणाला, "दोन पावसाळे म्हटलं होतं मी अब्बांना. दुसरा अजून आलाय कुठे?"

रोपं उघड्यावर आली तशी पहिल्या दोन दिवसांत पुष्कळांची पानं भाजली. काही गेली. कोपऱ्यात उशिराने उठलेली तीन-चार होती, त्यातलीही एक गेली. जी टिकली ती परवा हातगाडीवरून वाडीत नेली. चाचांनी तिथे सावलीसाठी आधीच केळी लावून ठेवल्या होत्या. त्या रोपांचं काय होईल, मला सांगता येत नाही. वारा सुटला की मी वाडीत जाऊन बघून येते. नासिरने रजा वाढवून घेतलीय. किती दिवसांची, ते मी विचारलेलं नाही.

आम्ही खड्ड्यांत रोपं बसवत होतो तेव्हा रस्त्यापलीकडून, अंगणाच्या भिंतीमागच्या त्या रिकाम्या वाशांच्या सांगाड्यातून चाचीचा आवाज आला. शेवटची रोपं नेताना मी पाहिलं होतं, चाचा तिथे बसायचे ती प्लास्टिकची खुर्ची ओढून ती आत एकटीच बसली होती.

"नासिर! रांग वाकरी जाते. सरल लाव!"

"अम्मा, तुला तिथून दिसतंय का?"

"न्हाय दिसत. म्हनून तर वरडते!"