जिंकलेल्या केसची फी

विमलअक्कांना हा निकाल सहा वर्षं, अमळनेर-जळगाव एसटीच्या असंख्य फेऱ्या आणि एक दुभती म्हैस एवढ्याला पडला.

मित्रांनो, पुरुषांइतकी मजुरी मागितली म्हणून तेलगिरणीने त्यांना काढलं होतं. मी छातीठोक म्हणालो, "लढा अक्का! जिंकल्यावर वकिलाची फी मालकाकडूनच वसूल करू. व्यवहार मला कळतो."

आज कामगार न्यायालयात अक्का जिंकल्या.

"भाऊ, फीना पैसा बठ्ठा मिळी ना आते?" सगळी फी परत मिळेल, अशी अक्कांची आशा.

निकालात खर्चापोटी फक्त दोन हजार. वकील म्हणाले, "साठ हजारांची पावती जोडली असती, तर जास्त मागता आले असते."

"साहेब, पावती तुम्हीच द्यायची ना?"

"तुम्ही मागितली कुठे?"

वकील-डॉक्टरांकडे पावती मागायला आपल्याला संकोच का वाटतो, सांगा.

अक्कांचे साठ हजार वकिलांच्या हातात मीच ठेवले होते.